वळणाआड गेलेली होडी

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी एक सकाळ अशी येते की ऊन बदललेलं कळतं. आदल्या दिवशीपर्यंत ते पाठीवर बसून चिडचिड करत असतं, आणि त्या सकाळी नुसतं भिंतीला टेकून उभं राहतं. पुण्यात आमच्या कोपऱ्यावर सीताफळांच्या हातगाड्या लागतात. डोळे उघडलेलं एखादं फळ मी हातात घेते, अंगठ्यानं हलकेच दाबून पाहते आणि काही न घेताच तिथं उभी राहते. गाडीवाला म्हणतो, ताई, गोड आहेत. ते मला माहीत असतं. पण माझ्या नाकात तोवर सीताफळीच्या पानांचा उग्र वास शिरलेला असतो. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात फळाच्या आधी पानांचाच वास येतो. आणि त्या वासामागून येतो साचलेल्या पाण्याचा, ओल्या लाकडाचा, आईच्या नव्या लुगड्याच्या खळीचा वास. मग त्या दिवसाचं माझं काम नीट होत नाही.

ती दिवाळी नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. मी एकोणीस वर्षांची होते, अंबाजोगाईला कॉलेजात शिकत होते. गाव धारूरच्या घाटाखाली. गावात माझ्या वडिलांचं, आप्पांचं, किराणा दुकान होतं. त्या वर्षांत दर सुट्टीला गेले की दुकान थोडं नवं दिसायचं. दारावर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आल्या, थंड बाटल्यांचा लाल खोका आला, आणि त्या वर्षी तर आप्पांनी दुकानाच्या कडेला काचेची खोली करून फोन बसवला होता. लोक रांग लावून मुंबईला, सुरतेला बोलायचे. एका बाईचा मुलगा आखातात होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि अर्धी आळी तो ऐकायला जमायची. जग जवळ आलं, असं आप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे. आई आतल्या खोलीत तांदूळ निवडत ते ऐकायची. तिची मैत्रीण दोन कोसांवर राहत होती, आणि तिला भेटून अकरा वर्षं झाली होती.

मैत्रिणीचं नाव भागूबाई. मी तिला भागूमावशी म्हणायची. आई मूळची डोंगराच्या वरच्या माळावरची. भागूमावशीच्या बापाची मेंढरं दर वर्षी आईच्या वडिलांच्या रानात बसायला यायची. रानाला खत मिळायचं आणि मेंढरांना चारा. तेवढे दिवस धनगरांचा मुक्काम तिथंच. दोघी एका वयाच्या. एकीच्या गळ्यात लिंग, दुसरीच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा, आणि दोघींच्या ओच्यात बोरं. पुढं आईचं लग्न घाटाखाली आमच्या गावात झालं, आणि भागूमावशीचं घळीच्या वरच्या तोंडाशी असलेल्या धनगरांच्या वस्तीवर.

घळ म्हणजे आमच्या नदीनं डोंगरात पाडलेली चीर. दोन्हीकडं काळे कडे, तळाला पाणी, पाण्याच्या कडेनं पायवाट. त्या वाटेनं भागूमावशी दर बाजारच्या दिवशी खाली यायची. डोक्यावर तुपाचं मडकं, खांद्यावर विकायच्या घोंगड्या. बाजार थोडा आणि आमच्या मागच्या दारात बसणं जास्त. मला तिचा तेव्हाचा चेहरा नीट आठवत नाही, पाय आठवतात. रुंद, भेगाळलेले, नदी ओलांडून आल्यामुळं ओले. आमच्या सारवलेल्या अंगणात ते पाय उमटायचे आणि ती गेल्यावर बराच वेळ वाळायचे नाहीत.

मग धरण झालं. गावाच्या वरच्या अंगाला नदी अडवली, पाणी मागं घळीत शिरलं आणि वाट बुडाली. सडकेनं यायचं तर वस्तीवरून तासभर चालायचं, यष्टीनं धारूरला जायचं, तिथून दिंद्रुडकडं जाणारी दुसरी यष्टी धरायची आणि फाट्यावर उतरून पुन्हा चालायचं. पहिल्या वर्षी भागूमावशी दोनदा तशी आली. नंतर तिचे निरोप यायला लागले. नंतर निरोपही थांबले.

त्या दिवाळीच्या चार वर्षं आधी भागूमावशीचा नवरा गेला. निरोप तिसऱ्या दिवशी आला. आईनं पिशवी भरली. पण घरात आजारपण होतं, दुकानात सणाचा माल उतरलेला. आप्पा म्हणाले, तेराव्याला जाऊ. तेराव्याला पावसानं गाठलं. मग म्हणाले, महिन्यानं. महिना झाल्यावर आईनंच विषय काढला नाही. ती पिशवी पुढं कितीतरी दिवस खुंटीला होती. वेळेवर न गेलेल्या माणसाला प्रत्येक दिवस आणखी लांब नेत असतो, हे तेव्हा मला कळत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की बाजारच्या दिवशी आई मागच्या दारात बसत नाही.

त्या वर्षी पाऊस मनासारखा झाला. धरणाचा सांडवा दसऱ्यापर्यंत वाहत होता. धरणात मासे धरणारा किसन भोई दुकानात तंबाखू घ्यायला यायचा. आम्ही त्याला किसनमामा म्हणत असू. एका दुपारी तो आप्पांना सांगत होता की पाणी यंदा पार धनगरवस्तीच्या पायथ्याला लागलंय. एरवी शेवटच्या वळणावर होडी दगडांत बसते, यंदा थेट जाते. मग त्यानं सहज पुढची बातमी सांगितली. भागूबाईच्या लेकाला पुण्याकडं कंपनीत काम लागलंय. मेंढरं विकली. दिवाळी झाली की सगळं घर उचलून जाणार.

आतल्या खोलीत तांदूळ पाखडायचा आवाज थांबला. तो त्या दिवशी पुन्हा सुरू झाला नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आईनं आप्पांना सांगितलं की उद्या होडीनं भागूकडं जायचंय. आप्पांनी आधी पाण्याची भीती घातली, मग दुकानातल्या गर्दीचं निघालं, मग लोक काय म्हणतील हे निघालं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी हो म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा. मी जाणार हाय."

आमच्या घरात असं वाक्य कधी बोललं गेलं नव्हतं. आप्पा उठून दुकानात गेले. सकाळी मात्र ते आमच्या सोबत काठापर्यंत आले आणि होडीत पाणी शिरतं का, असं त्यांनी किसनमामाला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा किसनमामा म्हणाला, "थोडं शिरतं, आप्पा. समदं न्हाई शिरत." आप्पा हसले नाहीत. होडी लांब जाईपर्यंत ते काठावर उभे होते, एक हात कपाळावर धरून.

पहिला अर्धा तास आईनं डोळे मिटलेले होते. एका हातानं फळी धरलेली, दुसरा गळ्यातल्या लिंगावर. मी एकटीच बघत होते. मोकळ्या पाण्यावर सकाळचं धुकं विरत चाललं होतं. काठाच्या रानांत तूर पिवळी झाली होती, नुकत्या पेरलेल्या ज्वारीचे हिरवे तास डोंगरापर्यंत गेले होते. वल्ह्यांच्या कड्या कुरकुरत होत्या. मग दोन्ही डोंगर जवळ आले आणि घळीचं तोंड लागलं. आत शिरताच आवाज बदलला. वल्ह्याचा प्रत्येक थेंब पडलेला ऐकू यायला लागला, आणि ऊन एकदम वर गेलं, कड्यांच्या माथ्यावर.

मी त्या घळीबद्दल जन्मभर ऐकलं होतं, पण असं काही असेल असं वाटलं नव्हतं. काळा पाषाण थरावर थर, जणू कुणी घड्या घालून ठेवलेला. थरांच्या फटीफटीतून सीताफळीची झुडपं आडवी वाढलेली, त्यांची फळं पाण्यावर लोंबत होती. माथ्यावरचं गवत वाळून सोन्यासारखं झालेलं, वाऱ्यानं ते एकाच बाजूला झुकायचं. उंच कपारीत आग्या मोहोळ काळं लटकलं होतं. किसनमामानं बोट ओठांवर ठेवलं आणि आम्ही त्याच्याखालून श्वास रोखून गेलो. एक खंड्या आमच्या पुढं पुढं उडत होता. होडी जवळ आली की निळी रेघ ओढत पुढच्या दगडावर. पाणी इतकं नितळ की कड्याचं खालचं टोक आत कुठवर जातं ते दिसत होतं, आणि मग दिसेनासं होत होतं.

आईनं डोळे कधी उघडले ते मला कळलं नाही. ती होडीच्या कडेवरून खाली पाहत होती.

"हितं उंबर व्हता," ती म्हणाली.

पाण्यात खोल काही काळसर हललं, किंवा मला तसं वाटलं. मग ती सांगतच सुटली. इथं वाट पाण्यातून पलीकडं जायची. इथं विसाव्याचा धोंडा, त्यावर मडकं उतरवायचं. इथं झरा, उन्हाळ्यात दात ठणकतील असं पाणी. लग्नानंतर तिला बैलगाडीनं घाटातून आणायचं ठरलं होतं, पण गाडीचा आस मोडला आणि मग वऱ्हाड याच वाटेनं चालत आलं. नवरी असून ती अनवाणी आली, आणि भागू तिच्या सोबत अर्ध्या वाटेपर्यंत आली होती. त्या धोंड्यापाशी दोघी इतक्या रडल्या की वाजंत्री थांबले. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. आई पाण्याकडं बघून बोलत होती, आणि तिच्या बोलण्यातून हळूहळू घाटाखालची बाई गळून माळावरची पोर वर येत होती. मी जिला आई म्हणत आले ती माझ्या जन्माच्या आधी कुणीतरी होती, हे मला त्या होडीत कळलं. आम्ही तिच्या वाटेवरूनच चाललो होतो, फक्त तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंचावरून.

शेवटच्या वळणाच्या अलीकडं तिनं फळी पुन्हा घट्ट धरली. मग किसनमामाला म्हणाली की थांब जरा.

त्यानं वल्ही वर घेतली. होडी थोडी सरकली आणि जागच्या जागी गोल फिरायला लागली. आई म्हणाली की परत जाऊ. काय तोंड दाखवायचं तिला. चार वर्षांनी करंज्यांचा डबा घेऊन येणाऱ्या बाईला तिनं दारात उभं तरी का करावं. मी म्हणाले, आई, एवढं आलोय. ती ऐकत नव्हती. किसनमामानं खिशात हात घातला. विडी काढली, पेटवली नाही, परत ठेवली. मग तो सावकाश म्हणाला, "परत न्यायचं तर नेतो, बाई. पर फुडल्या साली म्या आणीन, अन् वस्तीवर कुनी नसंल."

आईनं डोळे पुसले. म्हणाली, "चल."

वस्ती म्हणजे सहा-सात खोपटं. आमच्या आधी कुत्री खाली धावत आली. वरच्या खोपटापुढं सामान काढून ठेवलं होतं: भांडी, घोंगड्या, पोत्यात गुंडाळलेलं जातं. मोकळा पडलेला मेंढरांचा काटेरी कूप, त्यात लेंड्यांचा जाड थर, पण मेंढरू एकही नाही. त्या सगळ्याच्या मधे भागूमावशी बसली होती. उंच बाई, केस पांढरे, कपाळ मोकळं. आईला बघून ती उठली नाही. हातातली दोरी तशीच धरून म्हणाली, "आता कावून आलीस?"

आई उभीच राहिली. करंज्यांचा डबा तिनं माझ्याकडं दिला, बहुधा हात मोकळे असावेत म्हणून.

"दाजी गेले तवा यायला पायजे व्हतं. मी आले न्हाई."

"न्हाई आलीस," भागूमावशी म्हणाली.

भागूमावशीनं सांगितलं की तेरा दिवस ती सडकेकडं बघत होती. प्रत्येक यष्टी वाजली की उठून बघायची. चौदाव्या दिवशी तिनं बघायचं सोडलं, आणि त्यानंतर कुणाचीच वाट बघायची नाही असं ठरवून टाकलं. हे ती रागानं सांगत नव्हती. एखाद्या आजारपणाबद्दल सांगावं तसं सांगत होती.

आई खाली बसली. समोर नाही, शेजारी. भागूमावशीच्या हातातल्या दोरीचं दुसरं टोक तिनं धरलं आणि दोघी घोंगड्यांचं गाठोडं आवळायला लागल्या. एक गाठोडं झालं, दुसरं झालं. सून आत चहा ठेवत होती. मी कुपाजवळच्या दगडावर बसून त्यांचे हात बघत होते. तिसऱ्या गाठोड्याला भागूमावशीनं गाठ मारली आणि हात तसाच गाठीवर ठेवला.

"तुजा बाप गेला तवा मी तरी कुठं आलते," ती म्हणाली. "समद्यांला सांगितलं, वाट बुडाली, कसं जावं. पान्याचं काय घिऊन बसलीस, नंदे. यष्टी व्हती की."

आईचं नाव महानंदा. तिला नंदे म्हणणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आईनं भागूमावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मग जे व्हायचं ते झालं. मी उठून सुनेला चहा गाळू लागले.

आम्ही बाजरीची भाकरी, मिरचीचा खर्डा आणि शेजारच्या खोपटातून आणलेलं घट्ट दही खाल्लं. करंज्या भागूमावशीनं मोडून सगळ्या वस्तीला वाटल्या. घळीत दिवस लवकर कलतो. सावली पाण्यावर चढायला लागली तसं किसनमामानं खालून हाळी दिली. भागूमावशी आम्हाला काठापर्यंत घालवायला आली. होडीजवळ येऊन ती थांबली. धरण झाल्यापासून त्या पाण्याला तिनं शिव्या दिल्या होत्या, होडीत कधी पाय ठेवला नव्हता. तिनं किसनमामाला विचारलं, मला एक चक्कर मारून आणतोस का?

होडीत जागा होती. मी चढणारच होते. पण आईनं माझ्याकडं बघितलं, आणि मी मागं सरकले.

भागूमावशी आधी चढली, मग आई. दोघी एकाच फळीवर, माझ्याकडं पाठ करून. किसनमामा वल्ही मारत होता तोही त्यांच्याकडं बघत नव्हता. कड्यांकडं बघत होता. होडी वळणाआड गेली. थोडा वेळ वल्ह्यांचा आवाज आला. मग तोही थांबला, म्हणजे त्यांनी त्याला थांबायला सांगितलं असणार. मग काहीच नाही. समोरच्या कड्याच्या माथ्यावर शेवटचं ऊन होतं, तांबूस. एकदा हसण्याचा आवाज आला, कड्यांवर आपटून दोनदा-तीनदा, त्यामुळं कोण हसलं ते ओळखू आलं नाही. मी काठावर चपला हातात घेऊन उभी होते. पाणी पायांना लागत होतं, गार. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

आजही दिवाळीचं ऊन भिंतीला टेकलं की मी त्या काठावर जाते. मला त्या होडीत बसायचं असतं असं नाही. मला तो न ऐकलेला वेळ ऐकायचा असतो. आईबरोबर मी पुढं पुष्कळ वर्षं काढली, तिची दुखणी काढली, तिचे हट्ट पुरवले. पण ती पूर्ण तिची अशी जर कधी असेल तर ती त्या वळणाआड होती, आणि मी अलीकडं.

चक्कर संपली. भागूमावशी उतरली, आम्ही चढलो. परतताना आई एक शब्द बोलली नाही. मी विचारलंही नाही. पुढं विचारीन असं वाटलं, आणि पुढं तसा दिवस आला नाही.

भागूमावशी पुण्याकडं गेली. एकदा, शिमग्याच्या सुमारास, तिच्या लेकानं आमच्या दुकानात फोन लावला आणि तिला बोलायला दिलं. आईला काचेच्या खोलीत नेलं. दोघींना फोनवर बोलायचं कसं ते कळेना. आई ओरडून विचारत होती, जेवलीस का? आणि तिकडून येणारं उत्तर बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू येत होतं, जेवले, तू जेवलीस का? असं तीनदा झालं. मग दोघी गप्प झाल्या आणि फोन कानाला लावून नुसत्या उभ्या राहिल्या. आप्पांनी रांगेतल्या लोकांना हातानं थांबवून धरलं.

मी लग्न होऊन पुण्यात आले. आई गेली तेव्हा मी गावी होते. पाचव्या दिवशी मी भागूमावशीकडं निघाले. नवरा म्हणाला, तेरावं उरकू दे, मग सावकाश जा. मी थांबले नाही. दुकानातल्या जुन्या वहीत भागूमावशीच्या लेकाचा पत्ता होता. कारखान्यांच्या मागं, पत्र्याच्या चाळीतल्या दोन खोल्या. ती दारात बाजेवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी हाक मारली तशी तिनं मान वळवली आणि म्हणाली, "नंदीची का गं तू?"

आई गेल्याचं मी सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ अंगठ्यानं चोळत राहिली. रडली नाही. कारखान्याचा भोंगा झाला, माणसं सायकली घेऊन समोरून गेली, सून पाणी ठेवून आत गेली. मग मी जे आईला विचारलं नव्हतं ते तिला विचारलं. त्या दिवशी होडीत तुम्ही दोघी काय बोललात?

"काय बोलनार," ती म्हणाली. "गपच बसलो व्हतो." मग तिनं माझ्या दिशेनं तोंड केलं. "मी म्हणलं, नंदे, आता माघारी जाऊ नको. ती म्हणली, न्हाई जात."

"मग?"

"मग किसननं होडी वळवली. काठावर तू उभी व्हतीस."